पाय खाली, मग दांडा

बंदरावरून गाडी घरी आली तेव्हा ओस्बर्ट पास्कलनं कुबड्यांवर तिच्याभोवती एक फेरी मारली, दार उघडून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "क्लच कुठे आहे?"

"क्लच नसतोच हिला, कप्तान," गाडी घेऊन आलेला मेकॅनिक म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे. जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्या आता सगळ्या अशाच. ब्रेकवर पाय ठेवायचा, दांडा ओढायचा आणि निघायचं. ब्रेकवर पाय नसेल तर दांडा जागचा हलत नाही."

"मग ड्रायव्हर काय करतो?"

"बसतो."

मेकॅनिक हसला. पायरीवर उभी असलेली त्याची बायको एल्मिराही हसली. ओस्बर्ट मात्र हसला नाही. सगळी हयात त्यानं मॉर्न फेलिक्सच्या चढावर बस चालवली होती, म्हणून गाव त्याला कप्तान म्हणे. बसच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत 'नो हरी', म्हणजे घाई नको, असं लिहिलेलं असे, आणि गावातल्या म्हाताऱ्या अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन त्याच बसनं बाजारात जात. हाफ क्लचवर बस त्या चढावर अशी उभी राही की मागच्या बाकावरच्या माणसाला ती थांबली आहे हेही कळत नसे. आता शुगरनं त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला होता. बस विकून झाली होती. खिशात जुना परवाना होता. शेजारी बसून शिकवायला तेवढा पुरे, असं सगळ्यांनी धरलं होतं.

गाडी पाठवली होती टोरांटोतल्या मुलानं, आणि ती आईसाठी होती. फोनवर त्यानं दोनदा बजावलं होतं, "डॅडी, मॉमला शिकव. आता तरी."

त्या 'आता तरी'त काय काय होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी एल्मिरानं शिकव म्हटलं होतं. तेव्हा आणि त्यानंतर अनेकदा. तिचं माहेर डोंगरापलीकडे, पोंत रूजला. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागायच्या आणि परतीची शेवटची बस दुपारीच सुटायची. ओस्बर्टची बस दुसऱ्या रस्त्यावर धावायची, पण रविवारी ती अंगणात रिकामी उभी असायची. "रविवारी तासभर," ती म्हणायची. तो म्हणायचा, "क्लच म्हणजे शिवणयंत्र नव्हे, एल्मी. बाईच्या गुडघ्याचं काम नाही ते."

मग एका रविवारी सकाळी पोंत रूजहून निरोप आला की आईचं काही खरं नाही. ओस्बर्ट बस धूत होता. आतली आसनं काढून अंगणात वाळत घातली होती. तो म्हणाला, "उद्या पहाटे नेतो." म्हातारी त्याच रात्री गेली. दफनाच्या वेळी, पाद्री अजून पुस्तक मिटत होता तेवढ्यात, एल्मिराची थोरली बहीण ज्युलिटा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय ओस्बर्ट, बस धुऊन झाली का?"

त्यानंतर ओस्बर्टनं ज्युलिटाच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. एल्मिरा वर्षातून एकदा-दोनदा बस बदलत बदलत जाऊन यायची. आता ज्युलिटाही थकली होती, आईच्या घरात एकटी होती. एल्मिराला परवाना हवा होता तो यासाठीच. नवऱ्याला न ओढता, त्याचा चेहरा न बघता, मनात येईल तेव्हा बहिणीकडे जाता यावं म्हणून.

ओस्बर्टला हे माहीत होतं. म्हणून की काय, शिकवायचं म्हटल्यावर त्यानं ते फार मनावर घेतलं. पहाटे उठून दाढी केली, बस चालवतानाची टोपी घातली. पण गाडीपाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की शिकवण्यासारखं फारसं काही नाहीच. इंजिनचा आवाज ऐकून गिअर टाकणं, चढावर हाफ क्लच, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये बसला लगाम घालणं, हे सगळं ह्या गाडीनं त्याच्या हातून काढून घेतलं होतं. उरलं होतं एक वाक्य.

"नीट बघ," असं म्हणत तो कुबड्या बाजूला टेकवून चालकाच्या जागेवर बसला. एल्मिरा उघड्या दाराशी वाकून उभी राहिली. "गिअर बदलायचा म्हटलं की पाय खाली. पूर्ण खाली. मग दांडा. मग पाय हळू सोडायचा. पुढं जायचं असो, मागं जायचं असो, उभी करायची असो. पाय खाली, मग दांडा. हिच्यात एवढंच आहे."

त्यानं तीन-चारदा करून दाखवलं. त्याचा डावा पाय ब्रेकवर जायचा, तळाला टेकायचा, हात दांडा ओढायचा आणि पाय सावकाश वर यायचा. त्या पायानं जन्मभर हेच केलं होतं. फक्त तेव्हा खाली क्लच होता.

एल्मिरा त्या पायाकडे बघत होती. ती म्हणाली, "हाच पाय? की..."

"पाय म्हणजे पाय!" तो एकदम उसळला. "माझ्याकडे दुसरा आहे का दाखवायला?"

 पुन्हा तिनं ते विचारलं नाही.

ती लवकर शिकली. डावा पाय ब्रेकवर, उजवा रेसच्या पेडलवर. दांडा हलवताना ती पुटपुटायची, "पाय खाली, मग दांडा," आणि शेजारी बसलेला ओस्बर्ट मान डोलवायचा. कधी थांबण्याआधीच तिनं दांडा मागच्या गिअरला नेला की गाडी गचका देऊन कण्हायची आणि तो ओरडायचा, "मेली ना ती! आधी उभी कर! घोड्यावरून उतरायच्या आधी घोडा थांबवतात की नाही?"

"तू कधी घोड्यावर बसलास?"

"तू गाडी थांबव, माझं सोड."

आठवडाभरात तिला त्याची गरज उरली नाही. तो मात्र रोज टोपी घालून शेजारी बसायचा आणि रोज नव्यानं तेच वाक्य सांगायचा.

गावानं एक गोष्ट पाहिली होती, ती त्यानं पाहिली नाही. एल्मिराचा डावा पाय ब्रेकवरून कधी उठतच नसे. गिअर बदलताना तो खाली जायचा, आणि मग पुढच्या वेळी लागेल म्हणून तिथेच टेकून राहायचा. बेकरीसमोरून ती गेली की पाववाला ओरडायचा, "मिस एल्मी, तुमचे मागचे लाल दिवे ख्रिसमसपासून पेटलेत! विझवा की आता!" उतारावर चाकांतून करपट वास यायचा. मागून येणारे बसवाले हॉर्न वाजवून बेजार करायचे.

"काय म्हणतात ते?" एल्मिरा विचारायची.

"जळतात," ओस्बर्ट सांगायचा. "बाई त्यांच्या पुढं चालली आहे ना."

परीक्षेच्या दिवशी ती निळा झगा घालून निघाली, चर्चला घालायचा तो. पोलीस ठाण्यासमोर बदामाच्या झाडाखाली ओस्बर्टला बाकावर बसवून ती कॉर्पोरल मोडेस्टबरोबर गेली. कॉर्पोरल लहान होता तेव्हा 'नो हरी'मधूनच शाळेत जायचा. ओस्बर्टनं त्याला फक्त एवढंच म्हटलं, "माझी बायको आहे म्हणून सूट देऊ नकोस." आणि मनातून त्याला खात्री होती की सूट लागणारच नाही.

गाडी परत आली तेव्हा कॉर्पोरल आधी उतरला. त्याची टोपी हातात होती आणि कपाळ लाल झालं होतं. एल्मिरा आतच बसून राहिली.

"कप्तान," कॉर्पोरल बाकाशी येऊन हळूच म्हणाला, "दांडा तर अगदी नियमानं हलवतात. ब्रेक दाबल्याशिवाय कधी नाही. पोरं हे शिकतच नाहीत, म्हणून मी खूश झालो होतो. पण दोन्ही पायांनी चालवतात त्या! बाजाराच्या वळणावर बकरी आडवी आली, दोन्ही पाय एकदम खाली. ब्रेकही आणि रेसही. इंजिन बोंबललं, गाडी नाचली, मी काचेवर. बकरीसुद्धा घाबरली नसेल एवढा मी घाबरलो. डावा पाय ब्रेकवर ठेवतं का कुणी? मी विचारलं, मिस एल्मी, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

ओस्बर्टनं कुबडीची मूठ घट्ट धरली.

"तर म्हणाल्या, कुणी नाही. लोकांचं बघून बघून शिकले. कप्तान, तुम्हीच जरा दोन दिवस शेजारी बसून शिकवा ना. तुमच्यासारखा ड्रायव्हर घरात असून..." कॉर्पोरलनं हसून टोपी घातली. "पुढची तारीख आता कार्निव्हलनंतरच मिळेल."

इथे ओस्बर्टला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटतं त्यानं तोंड उघडलंही होतं. पण ठाण्याच्या पायरीवर आणखी दोघे-तिघे ओळखीचे उभे होते आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो म्हणाला, "हं. बघतो."

परतताना एल्मिराचा डावा पाय आता तिचा तिलाच नकोसा झाला होता. ती तो ब्रेकवरून उचलायची, हवेत धरायची, आणि दुसऱ्याच क्षणी तो परत तिथे जायचा. जायफळांच्या गोदामापाशी रस्ता रुंद होतो, तिथे ओस्बर्ट म्हणाला, "थांबव."

तिनं थांबवली. पाय खाली, मग दांडा.

"त्याला माझं नाव का नाही सांगितलंस?"

"ठाण्यासमोर सांगू? इतक्या लोकांत?"

त्यानं खाली वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "डाव्या पायाचा बूट काढ. पाय मागे घे, आसनाखाली. तिथेच राहू दे. हिच्यात त्याला कामच नाही. रेस आणि ब्रेक, दोन्ही उजव्यानं."

"कसं? टाच कुठे ठेवायची?"

आणि इथे त्याची पंचाईत झाली. शब्दांत त्यानं कधी काही सांगितलंच नव्हतं. करून दाखवायचं, एवढंच त्याला येत होतं, आणि ज्यानं दाखवायचं तो पाय राहिला नव्हता. त्यानं टोपी काढून मागे टाकली, आडवा होऊन तिच्या बाजूला वाकला, आणि तिचा उजवा पाय घोट्याशी हातात धरला.

"टाच इथे. ब्रेकच्या समोर. रोवून ठेव. आता नुसता चवडा वळव. रेस. परत. ब्रेक. उचलायचा नाही. वळवायचा." तो हातानं तिचा पाय इकडून तिकडे फिरवत होता. डोकं स्टिअरिंगच्या खाली, खांदा दांड्यावर. तिच्या पायाला सूज होती, घोट्यावर शिरा आल्या होत्या. हा पाय इतका म्हातारा कधी झाला, त्याला आठवेना.

एक बस शेजारी येऊन हळू झाली. कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली. "कप्तान, काय हरवलं खाली?"

"अक्कल!" ओस्बर्ट खालूनच ओरडला. "सापडली की हॉर्न वाजवतो!"

बसमधले सगळे हसले. बस गेली. एल्मिरा हसली नव्हती. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "असं रविवारी शिकवायचं होतंस."

"कुठल्या रविवारी?"

"कुठल्याही."

त्यानं तिचा घोटा सोडला नाही, आणि वरही आला नाही. वर आला असता तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी गोदामापाशी जायला लागले. डावा पाय अनवाणी, आसनाखाली. पहिले काही दिवस तो पाय सापासारखा पुढे सरकत यायचा आणि ओस्बर्ट कुबडीचं टोक त्यावर अलगद टेकवायचा. "झोप बाबा," तो त्या पायाला म्हणायचा, "तुझी नोकरी संपली." एल्मिराला यावर हसू यायचं. पाववाल्यानं एकदा विचारलं, "मिस एल्मी, लाल दिवे गेले वाटतं? बिल भरलं नाहीत?" तेव्हा तिनं गाडी उभी करून दोन पाव घेतले आणि पैसे देता देता सांगितलं, "माझ्या नवऱ्यानं शिकवलं." ओस्बर्ट खिडकीतून दुसरीकडे बघत होता. ते बिचारीनं खरंच कौतुकानं म्हटलं होतं की कसं, हे त्याला ठरवता आलं नाही.

कार्निव्हलला अजून अवकाश होता तेव्हा ज्युलिटा न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नव्हतं, पण चालणं बंद झालं. फोनवर ती एल्मिराला म्हणाली, "तुझा परवाना येईपर्यंत मी थांबीन, पण ताबडतोब आलीस तर बरं." आणि स्वतःच खोकत हसली.

एल्मिरा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. नवऱ्याला विचारायचं नाही, हे तिनं ठरवलेलं होतं. शेवटी ओस्बर्टच म्हणाला, "टोपी दे माझी. परवानावाला शेजारी लागतो."

"तिच्या अंगणात?"

"गाडी अंगणातच लावायची ना?"

पोंत रूजचा रस्ता त्यानं पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. वाटेत तो "पाय खाली" म्हणाला नाही, "मागे बस येते आहे" म्हणाला नाही. उतारावर एल्मिरानं चवडा वळवून ब्रेक दाबला, गाडी थांबवली, दांडा खालच्या गिअरला ओढला आणि इंजिन गुरगुरत गाडी जड होऊन उतरू लागली. हे तिला त्यानं शिकवलं नव्हतं. दांड्याशेजारी कोरलेल्या खुणांवरून तिनंच शोधलं असावं. तो मनात एक वाक्य जुळवत होता. ज्युलिटा बसबद्दल बोलली की म्हणायचं, 'चुकलं माझं.' एवढंच. पुढे 'पण' नाही, कारण नाही. डोंगर उतरेपर्यंत वाक्य पक्कं झालं. आणि समोर फाटक आलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की निघाल्यापासून अजून ऊनसुद्धा डोक्यावर आलेलं नाही. एवढाच रस्ता होता. आईचं घर एवढंच लांब होतं.

ज्युलिटा पडवीत खुर्चीवर बसली होती. काठी मांडीवर आडवी. समोर तिपाईच्या चुलीवर मोठं भांडं रटरटत होतं. नीरफणसाच्या फोडी, अळूची पानं, खारवलेलं मांस, वर नारळाचं दूध.

"कुणी आणलं तुला?" तिनं विचारलं.

"गाडी मीच आणली," एल्मिरा म्हणाली.

ज्युलिटानं गाडीकडे पाहिलं, बहिणीच्या एका पायातल्या बुटाकडे पाहिलं, मग कुबड्यांवर तोल सावरत उतरणाऱ्या ओस्बर्टकडे. तो उभा राहिला आणि वाट बघू लागला.

"सावलीत बस," ती म्हणाली. "तुझीसुद्धा माझ्यासारखीच तऱ्हा झाली म्हणजे. आपण दोघं मिळून एक माणूस उभं राहील आता."

पुढे ती काही म्हणाली नाही. बसचं नाव नाही, आईचं नाव नाही. त्याचं वाक्य तोंडात तसंच राहिलं. न विचारता ते कसं बोलायचं, हे त्याला कळेना.

"एल्मी, मला खाली समुद्रापर्यंत ने," ज्युलिटा काठी टेकत उठायला लागली. "दवाखाना सोडून वर्षभरात गाडीत बसले नाही. पुढे बसणार मी. मागे बसायला मी काय केळ्यांचा घड आहे?"

"पुढची जागा त्याची आहे. कायदा आहे तसा."

"मग कायदा बसू दे मागे."

"मागे माझा पाय मावत नाही," ओस्बर्ट म्हणाला. "जा तुम्ही दोघी. जेवायच्या वेळी पोलीस ह्या बाजूला येत नाहीत."

एल्मिरानं त्याच्याकडे पाहिलं. आपल्यावाचून ती गाडी चालवणार, हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. तिनं बहिणीला धरून आत बसवलं.

"भांड्याकडे लक्ष दे रे," ज्युलिटा खिडकीतून म्हणाली. "ढवळायचं नाही, फोडी मोडतात. नुसतं बघायचं. दूध आटून नुसतं त्याचं तेल तळाला उरलं की उतरव."

गाडीचे मागचे लाल दिवे लागले. मग पांढरा. लाल विझले आणि गाडी सावकाश मागे सरकत फाटकाबाहेर गेली. तिथे पुन्हा लाल, पांढरा गेला, लाल गेले. गचका नाही, काही नाही. ओस्बर्ट मान पुढे काढून बघत होता. ओरडून सांगावं असं त्यात काहीच नव्हतं. वळणावर ज्युलिटाचं हसणं ऐकू आलं, म्हाताऱ्या कोंबडीसारखं. म्हातारी आई ह्याच वळणाकडे तोंड करून पडवीत बसायची.

तो चुलीपाशी बसून राहिला. भांड्यातला आवाज बारीक होत गेला, मग चरचर यायला लागली. तळाला नुसतं तेल उरलं होतं. दोघींचा पत्ता नव्हता. भांडं उतरवायला तो उठला, आणि मग समजलं की कुबड्या धरल्या तर भांडं धरता येत नाही आणि भांडं धरलं तर उभं राहता येत नाही. ज्युलिटाच्या हे लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल.

आल्या की ते वाक्य म्हणू, असं त्यानं ठरवलं. मग वाटलं, आल्या की त्यांना भूक लागलेली असेल, बसतील जेवायला.

त्यानं कुबड्या भिंतीशी ठेवल्या, जमिनीवर बसकण मारली आणि चिमट्यानं भांड्याखालचे निखारे एकेक करून बाहेर ओढायला लागला.